गाऱ्हाण्याची साखर

आमच्या मंडळाच्या काचेच्या कपाटात यंदाचा वडाळ्याचा करंडक आहे. येणारेजाणारे तो बघतात, फोटो काढतात आणि मला विचारतात, "रखमाताई, या वयात पोरींना एवढं पळवता कसं?" मी सांगते, पळवते, कारण मी स्वतः पळालेय. अठरा वर्षं कबड्डी खेळले, त्यातली सात कप्तान म्हणून. खेळावरच बँकेत नोकरी लागली, आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून पुन्हा मैदानात उभी राहिले. मला कबड्डीतलं कळतं. हे मी नम्रपणे सांगू शकले असते, पण नम्रपणा मला शोभत नाही आणि लालबागमध्ये तो कोणी मनावरही घेत नाही.

करंडक कसा जिंकला ते मी सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगते. त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते मात्र सांगत नाही. आज सांगते.

सुरुवात ऑक्टोबरात झाली. आमचा सराव संध्याकाळी पाचला, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या मागे जो मातीचा पट्टा उरलाय तिथे. उकाडा असा, की पोरी नुसत्या उभ्या राहिल्या तरी निथळायच्या. अर्धा तास झाला की एकीच्या पोटरीत गोळा, मग दुसरीच्या मांडीत. एक पाय धरून बसली की दुसरी तिचा अंगठा ओढत बसणार, म्हणजे दोघी बाद. आमच्या काळी सरावात पाणी प्यायला बंदी होती. पाणी प्यालं की पाय जड होतात, असं आमचे गुरुजी सांगायचे आणि आम्ही जीभ टाळूला चिकटेपर्यंत खेळायचो. मी तेवढी जुनाट नाही, मी पाणी देते. शिवाय मध्यंतरात ग्लुकोजच्या पावडरीचा डबा फिरायचा. प्रत्येकीच्या तळहातावर एक मोठा चमचा, ती चाटायची, हात चड्डीला पुसायचे आणि पुन्हा आत. आमच्या भागातलं कुठलंही मंडळ बघा, हा डबा असणारच.

माझा भाचा वैभव एका रविवारी घरी आला तेव्हा मी गोळ्यांची ही तक्रार त्याच्यापाशी केली. वैभव ऑफिसात संगणकापुढे बसतो आणि पहाटे दादरहून वरळीपर्यंत धावतो. मॅरेथॉनवाला आहे. त्याने बॅगेतून एक नळी काढली, तिच्यातून नाण्याएवढी एक गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकली. पाणी फसफसलं आणि नारिंगी झालं.

"हे पी, आत्या. इलेक्ट्रोलाइट. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठ पण जातं. तू पोरींना साधं पाणी पाजतेस, मीठ भरून कोण काढणार?"

मी प्यायले. आंबटगोड, जरा खारट. "साखर किती यात?"

"झीरो. शुगर-फ्री आहे. तासाभराच्या प्रॅक्टिसला साखर लागत नाही बहुतेकांना. अर्ध्या लिटरला एक गोळी, बस."

'बहुतेकांना' हा शब्द मी ऐकला होता. खोटं कशाला बोलू? ऐकला आणि सोडून दिला, कारण मला माझ्या कामाचं वाक्य मिळालं होतं. साखर लागत नाही. आमची कप्तान ओलिव्हिया, शीव कोळीवाड्याची, पकड अशी की बैलसुद्धा सुटणार नाही, पण स्पर्धेत पंचाहत्तर किलोच्या वर असलेल्या बाईला खेळता येत नाही आणि ओलिव्हिया शहात्तरवर पोचली होती. आणखी दोघी काठावर होत्या. मी एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी ग्लुकोजचा डबा कपाटात बंद केला, गोळ्यांच्या दहा नळ्या आणल्या आणि फर्मान काढलं, की यापुढे मैदानावर साखर बंद. पावडर नाही, गोळी-चॉकलेट नाही, सरबत नाही. प्रत्येकीने आपली अर्धा लिटरची बाटली आणायची, तीत एक गोळी.

आणि सांगते, गोळ्यांनी काम केलं. दहा दिवसांत पायात गोळे येणं जवळजवळ थांबलं. पोरी शेवटच्या दहा मिनिटांतही पायांवर उभ्या असायच्या. ओलिव्हिया चौऱ्याहत्तरवर आली. मी शेजारच्या मंडळाच्या गुरुजींना दोनदा ऐकवून आले, की कबड्डी आता शास्त्राने खेळायची असते.

अडलं ते गाऱ्हाण्यापाशी. आमच्याकडे सामन्याआधी गाऱ्हाणं घालतात. हे काम राजारामकाकांचं. काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, मूळचे मालवणच्या बाजूचे, शहात्तर वर्षांचे, आणि गेली तीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक सामन्याला हजर. पोरींनी गोल करायचा, काका मध्ये नारळ घेऊन उभे राहायचे आणि गावच्या देवाला मोठ्याने साकडं घालायचे. प्रत्येक वाक्याला आम्ही 'होय म्हाराजा' म्हणायचं. त्यात काकांचा स्वतःचा एक नियम होता. देवाकडे कुठल्या चुकीची माफी मागितली, तर ती चूक ज्याची असेल त्याने आधी एकट्याने 'होय म्हाराजा' म्हणायचं, मग बाकीच्यांनी. सरावाला दांडी मारणारी, मैत्रिणीशी भांडलेली, जी असेल ती पुढे होऊन म्हणायची. मोकळी व्हायची. मी शिकवायला लागल्यापासून मला एकदाही आधी म्हणायची वेळ आलेली नव्हती. शेवटी नारळ फुटायचा आणि खोबऱ्याचा एकेक तुकडा साखरेत चांगला घोळवून हातावर पडायचा.

मी काकांना सांगितलं, "यापुढे नुसतं खोबरं द्या."

"देवाक साखर नको, असा तुका देवान येऊन सांगल्यान?"

"देवाला दाखवा. पोरींना देऊ नका."

"मगे ती साखर मी काय करू?"

"घरी नेऊन चहात घाला."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यातच झाडू मारला होता. पण माझ्यापुढे मंडळात कोणी फार बोलत नाही. त्यांनी साखर देवाला दाखवली, कागदात पुडी बांधली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यानंतर प्रत्येक सामन्याला तेच.

आता अक्षदाबद्दल. अक्षदा काळाचौकीची, वीस वर्षांची, अंगाने काडी आणि जिभेने सुरी. चढाईला गेली की समोरच्या सातही जणींना वाटायचं ही आपल्याशीच बोलतेय. माझ्या हाताखालून शंभरेक पोरी गेल्या असतील, त्यांत अशी चढाई करणारी हीच. जानेवारीत वडाळ्याला मोठी स्पर्धा होती आणि तिथे मुंबईच्या संघासाठी निवड करणारे बसणार होते. मुंबईच्या संघात नाव आलं की खेळाडूंच्या जागेवर नोकरीचं दार उघडतं. मला उघडलं होतं, म्हणून मला माहीत आहे. तिच्या घरात कमावणारी आई एकटी होती आणि पुढच्या वर्षी आई तिला खेळू देणार नव्हती. म्हणजे वडाळा हीच एक संधी. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

आणि नेमकी हीच पोरगी नोव्हेंबरपासून ढेपाळायला लागली. सरावात ठीक असायची. सामन्यात पूर्वार्धात सहा गुण, सात गुण. मध्यंतरानंतर एक, कधी शून्य. पाय ओढायची, नजर भलतीकडे, काही बोललं तर वस्सकन अंगावर यायची. मी वहीत सगळ्यांचे आकडे लिहिते. बाकी साऱ्या जणी नव्या गोळ्यांवर सुधारत होत्या आणि ही एकटी उतरत होती. मी निष्कर्ष काढला, की पोरीला गर्व झालाय.

डिसेंबरात एका सामन्याच्या मध्यंतरात ती पाठ करून बसली होती. मी मागून गेले तर हिने गुडघ्यावरच्या पट्ट्यात बोट घातलेलं. मी पट्टा खाली ओढला. आत दोन टॉफ्या, घामाने विरघळून कागदाला चिकटलेल्या.

"हे काय?"

"सॉरी ताई."

"सगळ्या पोरी नियम पाळतात, तू कोण मोठी लागून गेलीस?"

ती एरवी मला उलटून चार शब्द ऐकवायची. त्या दिवशी मान खाली घालून बसली. सामना संपल्यावर मी तिला पन्नास उठाबशा काढायला लावल्या. तिने काढल्या. शेवटच्या दहा तिने ओलिव्हियाच्या खांद्याला धरून काढल्या आणि ओलिव्हिया माझ्याकडे काहीतरी बोलायचंय अशी बघत राहिली. मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काय नाय, ताई."

त्या दोघी का बोलल्या नाहीत, हे कळायला इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी गिरगावातून नॉर्मा नावाची एक मुलगी यायची. डाव्या कोपऱ्यात छान उभी राहायची. एक दिवस सरावात तिला धाप लागली आणि तिने पिशवीतून दम्याचा पंप काढला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "औषधांची पिशवी घेऊन येणाऱ्यांनी कॅरम खेळावा." दोघीतिघी हसल्या. नॉर्मा परत आली नाही. मला वाटलं, बरं झालं, कबड्डी हा धडधाकट माणसांचा खेळ आहे. हे वाक्य मी नंतरही बऱ्याचदा वापरलं. माणसाला स्वतःचं वाक्य आवडलं की ते सुटत नाही.

वडाळ्याची उपान्त्य फेरी शनिवारी संध्याकाळी पाचला होती. त्या सकाळी मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. अक्षदाच्या पिशवीत बिस्किटांचा एक पुडा आणि मूठभर टॉफ्या निघाल्या. ती म्हणाली, "ताई, राहू दे ना. प्लीज." मी ते सगळं काढून घेऊन घरी ठेवलं. दुपारचं जेवण लवकर झालं आणि सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. काकांनी गाऱ्हाणं घातलं, पोरींनी नुसतं खोबरं चावलं, काकांची पुडी खिशात गेली.

पूर्वार्ध अक्षदाने एकटीने गाजवला. आठ गुण. एका चढाईत तिघींना टिपून आली तेव्हा निवड समितीच्या टेबलावर दोघांनी एकदम लिहायला घेतलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. सगळ्यांनी नारिंगी पाणी घेतलं. अक्षदाने तिची बाटली अर्धी संपवली आणि उरलेली माझ्या हातात देताना सोडून दिली, माझा हात पोचायच्या आधीच. मी रागावून बाटली उचलली.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात. हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. सहा जणी पलीकडे गेल्या आणि अक्षदा जुन्याच बाजूला, विरुद्ध संघाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. लोकांना वाटलं ती गंमत करतेय, हशा झाला. पंच काहीतरी म्हणाले. ती त्यांच्याकडे बघून हसली, पण जागची हलली नाही. समोरच्या कप्तानाने तिचा दंड धरून तिला मध्यरेषेपर्यंत आणून सोडलं.

मी ओरडले, "अक्षदा, डोकं ठिकाणावर आहे का?" आणि तिला बदलून बाहेर घेतलं. ती बाकावर बसली तेव्हा तिचे हात थरथरत होते. वडाळ्याला मिठागरांकडून वारा येत होता, आम्ही शाली घेऊन बसलो होतो आणि हिचं कपाळ घामाने थबथबलेलं. मी हात लावला तर गार. मला वाटलं, घाम फार गेलाय, मीठ कमी पडलंय. मी तिचीच बाटली तिच्या तोंडाला लावली. "पी सगळं." ती मुकाट्याने प्यायली. माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत होते असं वाटेना.

तेवढ्यात मैदानातून ओलिव्हियाने वेळ मागून घेतला आणि धावत आली.

"ताई, ते नको देऊ. त्याच्यात साखर नाय आहे. तिची शुगर डाऊन झालीय."

"कसली शुगर?"

"डायबिटीस आहे तिला. चौदा वर्षांची होती तेव्हापासून. इन्शुलिन घेते ती. आपला ग्लुकोजचा डबा होता तवर तिचं चालत होतं, ताई. त्याच्यावरच चालत होतं."

त्या क्षणी वहीतले सगळे आकडे माझ्यापुढे सरळ उभे राहिले. मध्यंतरात तळहातावरचा तो मोठा चमचा. सामन्याआधीची ती खोबरं-साखर. दोन्ही मीच बंद केले होते. तिने टॉफ्या लपवल्या, त्या मी ओढून काढल्या. पन्नास उठाबशा. मी आयुष्यात फार वेळा घाबरलेली नाही, पण तेव्हा घाबरले.

"साखर आणा कोणीतरी!" मी ओरडले, आणि सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण साखर आणायची कुठून? माझ्या शिस्तीत ती कोणाकडेच नव्हती. चहावाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये हजारभर माणसं.

राजारामकाका केव्हा उठून आले कळलंच नाही. त्यांनी खिशातून पुडी काढली, तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आ कर गो बाय. देवाची आसा. चावू नको, इरघळू दी." तिने तोंड उघडलं. काकांनी चिमटीचिमटीने तिला साखर भरवली, लहान पोराला भरवतात तशी, मध्ये मध्ये पाण्याचा घोट देत. पुडी संपली तेव्हा कागदही झटकून तिच्या हातावर रिकामा केला. ओलिव्हियाने अक्षदाच्या पिशवीच्या तळातून, सकाळी मला न दिसलेलं, मोज्यात गुंडाळलेलं छोटं यंत्र काढून तिचं बोट टोचलं. अठ्ठेचाळीस आकडा आला. तो किती वाईट असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ओलिव्हियाच्या चेहऱ्यावरून कळलं.

मागून घेतलेला वेळ संपला, ओलिव्हिया आत गेली. मी पहिल्यांदाच मैदानाकडे पाठ करून बसले. पंधरा मिनिटांनी यंत्रावर ब्याऐंशी आले. अक्षदाने डोळे चोळले, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "ताई, मला काढू नका."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मला रडूही आलं. मी दोन्ही केलं. मागे आमची पोरं एका गुणाने जिंकली होती, ते मला टाळ्यांवरून समजलं.

रविवारी सकाळी मी, अक्षदा आणि तिची आई दादरला तिच्या डॉक्टरांकडे गेलो. यशोधन नावाचे तरुण डॉक्टर. मी माझी ओळख करून दिली तसे ते खुर्चीत मागे टेकले.

"अच्छा. त्या कॅरमवाल्या ताई तुम्हीच का?"

मी आयुष्यात पंचांशी, समितीशी, बँकेच्या मॅनेजरशी भांडलेय. त्या माणसापुढे मी मान हलवून 'हो' म्हटलं.

"ही दोन वर्षं मला सांगतेय की कोचला कळलं तर काढून टाकतील," ते म्हणाले. "हिला साखरेपेक्षा तुमची भीती जास्त आहे. खेळू शकते ही, मजेत खेळू शकते. पण लपवून नाही. सामन्याआधी मोजायचं, मध्यंतरात मोजायचं, साखर हाताशी, आणि बाकावरच्या प्रत्येकीला माहीत पाहिजे."

"आणि त्या गोळ्या?"

"चांगल्या आहेत. मीठ भरून काढतात. हिलाही द्या. पण ते मीठ आहे हो ताई. साखरेचं काम साखरच करणार."

"आज संध्याकाळी खेळू दे?" हे तिच्या आईने विचारलं. मी आईकडे बघतच राहिले. पुढच्या वर्षी खेळू देणार नाही म्हणणारी ती हीच. डॉक्टरांनी रात्रभराचे आकडे बघितले, दुपारचे आकडे कळवायला दोन फोन करायला सांगितले, इन्शुलिन किती घ्यायचं ते कागदावर लिहून दिलं आणि हो म्हणाले.

संध्याकाळी अंतिम सामन्याआधी पोरींनी गोल केला. अक्षदा मधे बसून, सगळ्यांसमोर, बोट टोचत होती. "एकशे चाळीस," तिने मोठ्याने सांगितलं, जसा गुणफलक वाचावा. मी ग्लुकोजचा जुना डबा कपाटातून काढून आणला होता, तो बाकावर पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवला. काकांनी साखरेची पुडी आज खिशात घातली नाही. नारळाजवळ उघडीच ठेवली.

काकांनी नारळ कपाळाला लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही आमची चेडवां मोठ्या खेळाक उतरतत, तेंच्या पायाक बळ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हयसर ही अक्षदा उभी आसा. तिच्या आंगात साखर कमीजास्त होता. ती काय तिची चूक नाय. तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

काका थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि कोणाच्या तोंडातसून काय वाकडा गेला असात, कोणाक आजारी म्हणान कोणी भायर काढला असात, भियान कोणाक लपवूचा लागला असात, तर ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

नियम सगळ्यांना माहीत होता. पोरी आपल्या पायांकडे बघत होत्या, ओलिव्हिया लांब कुठेतरी. पंचांनी एकदा शिट्टी वाजवून घाई केली. मी चाळीस वर्षांत कबड्डीच्या मैदानावर माझं चुकलं असं कधी म्हटलेलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्या दोन शब्दांपेक्षा मला तीन जणींच्या पकडीतून सुटणं सोपं गेलं असतं.

"होय म्हाराजा," मी म्हणाले. ते माझं मलाच ऐकू गेलं, म्हणून पुन्हा म्हणाले, स्टेजवरच्या लोकांना ऐकू जाईल असं. "होय म्हाराजा!"

माझ्यामागून पहिला आवाज अक्षदाचा आला, मग सगळ्यांचा. काकांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा साखरेत चांगला घोळवला आणि तो अक्षदाला नाही, माझ्या हातावर ठेवला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तिने चौदा गुण घेतले, त्यातले नऊ मध्यंतरानंतर. करंडक कपाटात आहे आणि मुंबईच्या संघाच्या यादीत तिचं नाव चौथं आहे.

सोमवारी दुपारी मी गिरगावात गेले आणि वाडीत विचारत विचारत नॉर्माचं घर शोधलं. दार तिनेच उघडलं. मला बघून तिचा हात आपसूक मागे गेला, काहीतरी लपवावं तसा. मी म्हटलं, "राहू दे तो पंप हातात. पाचला सराव आहे, तो घेऊन ये. डावा कोपरा दोन वर्षं रिकामा आहे आणि चूक माझी आहे." तिने पंप पुढे घेतला. मग म्हणाली, "ताई, मला कॅरमपण येत नाही." आणि बूट शोधायला आत गेली.